आधी लेबल, मग गोष्ट

लष्करी सरप्लसमधल्या, म्हणजे लष्करानं वापरातून काढून विकलेल्या, बुलेटप्रूफ जॅकेटांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं देतो आहे. किमतींचे प्रश्न मुद्दाम वगळले आहेत. किंमत विकणारा आणि घेणारा आपसात ठरवतात, त्यात मला पाडू नका.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात हिरवं, बिनबाह्यांचं, कडक कॉलरचं जॅकेट मिळालं. विकणारा म्हणाला, ‘अमेरिकन आहे, व्हिएतनामचं.’ आतल्या लेबलावर नुसते आकडे आहेत. काळ कसा ओळखायचा?

उत्तर : त्या नुसत्या आकड्यांतूनच. तुमच्या फोटोत करार क्रमांक ‘डीएसए-१००-६९-सी’ असा सुरू होतो. डीएसए म्हणजे डिफेन्स सप्लाय एजन्सी. ती १९६१ मध्ये स्थापन झाली आणि १९७७ मध्ये तिचं नाव डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी, म्हणजे डीएलए झालं. त्यामुळे डीएलएचं लेबल दाखवून कोणी व्हिएतनामची कथा सांगू लागला, तर चहा पिऊन उठावं. मधला ६९ हा आकडा वर्षाचा. पण ते आर्थिक वर्ष आहे, कॅलेंडरचं नव्हे. अमेरिकी सरकारचं वर्ष तेव्हा १ जुलैला सुरू होई (१ ऑक्टोबर ही तारीख १९७६ पासूनची). म्हणजे करार जुलै १९६८ ते जून १९६९ मधला. जॅकेट शिवून, तपासून, जहाजातून पोचायचं त्यानंतर. म्हणून ‘१९६८ च्या टेट हल्ल्यात (व्हिएतनाम युद्धातली कम्युनिस्टांची मोठी चढाई) वापरलेलं’ ही विक्रेत्याची पुरवणी लगेच बाद होते. टेट जानेवारीच्या अखेरीस सुरू झालं होतं.

दुसरा आकडा साठ्याचा, म्हणजे लष्करी गोदामात त्या वस्तूला दिलेला क्रमांक. सुरुवातीचा ८४७० हा अंगावरच्या चिलखतांचा वर्ग. पूर्ण क्रमांक ११ अंकी असेल तर तो जुन्या पद्धतीचा. १३ अंकी क्रमांक १९७४ पासून आले. तेरा अंकांत वर्गानंतरचे दोन अंक देश सांगतात : ०० किंवा ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, ७२ भारत. तुमचा क्रमांक ११ अंकी आहे, म्हणजे दोन्ही पुरावे जुळतात.

तुमचं जॅकेट एम-६९ आहे; अर्धवट उभी कॉलर आणि दोन्ही कुशींना नाड्या ही त्याची खूण. कॉलर नसती आणि खांद्यावर पट्ट्या असत्या, तर ते आधीचं, कोरियन युद्धाच्या वेळी आलेल्या एम-१९५२ए प्रकारातलं ठरलं असतं. त्यात नायलॉनचे १२ थर असतात. मरीन सैनिकांचं (अमेरिकी नौदलाबरोबर लढणारं वेगळं दल) एम-१९५५ वेगळंच : उजव्या खांद्यावर रायफल घसरू नये म्हणून दोरीचा उंचवटा आणि आत डोरॉनच्या चकत्या. डोरॉन म्हणजे राळेत बसवलेलं काचतंतूंचं कापड. हे नाव जॉर्ज डोरिओ या अधिकाऱ्यावरून पडलं. हार्वर्डचे हे प्राध्यापक दुसऱ्या महायुद्धानंतर व्हेंचर कॅपिटलचे, म्हणजे नव्या उद्योगांत भांडवल गुंतवण्याच्या पद्धतीचे, जनक म्हणून गाजले. चिलखतांच्या इतिहासात अशी माणसं भेटतात, म्हणून तर मी या नादाला लागलो.

प्रश्न : न्यू जर्सीत राहते. मुलानं ऐंशीच्या दशकातलं केव्हलारचं लष्करी जॅकेट घेतलंय. ‘आई, गोळीसुद्धा अडवतं’ म्हणतो. खरंच अडवतं का?

उत्तर : ते जॅकेट अंगरक्षणासाठी घालू नका, मुलालाही घालू देऊ नका. हे मी प्रत्येक सरप्लस जॅकेटाबद्दल सांगतो.

तुमच्या वर्णनावरून ते पासगट, म्हणजे ऐंशीच्या दशकातलं अमेरिकी सैन्याचं केव्हलारचं जॅकेट दिसतं. अमेरिकी सैन्यानं ते पहिल्यांदा १९८३ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर वापरलं. केव्हलारचा धागा स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत शोधला. या जॅकेटात त्याचे १३ थर असतात. पण ते बनलं तोफगोळ्याच्या आणि हातबॉम्बच्या किरचांसाठी. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात बहुतेक सैनिक गोळीपेक्षा किरचांनी जखमी झाले, म्हणून लष्करानं आधी तो प्रश्न हाती घेतला. अशा जॅकेटांची चाचणी साधारण १.१ ग्रॅम वजनाचा ठरावीक आकाराचा तुकडा झाडून होते आणि कोणत्या वेगाला निम्मे तुकडे आरपार जातात ते मोजतात. पोलिसांच्या जॅकेटांची चाचणी पिस्तुलाच्या गोळ्यांनी होते. दोन्हींचं माप वेगळं, त्यामुळे ‘केव्हलार आहे’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. रायफलीची गोळी तर कापडाचं काम नव्हेच. त्यासाठी नव्वदच्या दशकाअखेर आलेल्या इंटरसेप्टर या अमेरिकी जॅकेटामध्ये बोरॉन कार्बाइडच्या पाट्या घालाव्या लागल्या. नुसतं कापडी अंग ९ मिमी पिस्तुलापुरतं.

वर वयाचा प्रश्न आहेच. झायलॉनची गोष्ट मुलाला सांगा. हलका, मजबूत, पोलिसांचा लाडका धागा. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फॉरेस्ट हिल्समध्ये एका पोलिसाच्या झायलॉन जॅकेटातून गोळी आत गेली; जॅकेट वर्षाचंही झालं नव्हतं. उष्णता, दमटपणा आणि उजेडानं धागा आतून कमजोर होत होता, बाहेरून काही कळत नव्हतं. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसनं झायलॉनच्या जॅकेटांची मान्यता काढली. केव्हलार इतका नाजूक नाही, पण चाळीस वर्षांत ते जॅकेट कोणत्या गाडीच्या डिकीत, कोणत्या ओल्या तळघरात पडलं होतं, ते कोणाला ठाऊक? नव्या मालाचीही खात्री नसते : मे २००५ मध्ये अमेरिकी मरीन कोअरनं ५,२७७ इंटरसेप्टर जॅकेटं परत मागवली, कारण सरकारी चाचणीत नापास झालेला माल नियमातून सूट देऊन स्वीकारल्याची बातमी छापून आली होती. संग्राहकाच्या दृष्टीनं हे प्रकरण सोन्यासारखं आहे. अंगावर घालणाऱ्याच्या दृष्टीनं नाही.

प्रश्न : मरीनच्या जॅकेटाच्या पाठीवर पेनानं घोषणा लिहिलेली आहे, एक भोकही आहे, आत आडनाव. ‘युद्धात वापरलेलं’ म्हणून दुप्पट पैसे मागताहेत. द्यावेत का? (ठाणे)

उत्तर : व्हिएतनाममध्ये सैनिक जॅकेटांवर, शिरस्त्राणांच्या कापडावर लिहीत, त्याचे भरपूर फोटो आहेत. म्हणूनच खोटं लिहिण्याचा धंदाही चालतो. शाई मळाच्या वर आहे की खाली, ते भिंगातून पाहा. पाठपिशवीचे पट्टे जिथे घासतात तिथे कापड झिजलेलं असेल, तर अक्षरंही तिथेच झिजायला हवीत. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च उपयोगी, पण जपून : नवा धागा चमकतो हे खरं, मात्र डिटर्जंटनं धुतलेलं जुनं कापडही चमकतं. सगळं अंग सारखं चमकलं तर कोणीतरी धुतलंय. फक्त एका बिल्ल्याची शिवण चमकली तर ती नंतरची.

भोकाचे पैसे कधीच देऊ नका. भोक कुणीही, कधीही पाडू शकतं.

आडनावावरून शोध घ्यावासा वाटेल. अमेरिकी सैनिकांच्या सेवानोंदी सेंट लुईसला असतात. १२ जुलै १९७३ रोजी तिथे मोठी आग लागली आणि १९१२ ते १९६० दरम्यान लष्करातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी गेल्या. म्हणजे कोरियन युद्धातल्या आर्मीच्या सैनिकाची कथा बहुधा पडताळता येणार नाही. मरीनच्या नोंदी मात्र त्या आगीतून सुटल्या, तेव्हा तुम्हाला आशा आहे. नाव सापडलं तरी ते चारचौघांत मिरवू नका. त्या घरात अजून माणसं असतील.

प्रश्न : जर्मनीत शिकतो. सोव्हिएत ६बी२ घ्यायचंय, टायटॅनियमच्या पाट्यांसकट. पाट्या खऱ्या कशा ओळखू?

उत्तर : छान निवड. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्यानं १९८१ पासून वापरलेलं हे जॅकेट. त्यातल्या टायटॅनियमच्या छोट्या पाट्या फक्त १.२५ मिमी जाड. किरचा आणि पिस्तूल ठीक, पण कलाश्निकोव्हपुढे टिकाव नाही. म्हणून पुढे ६बी३ मध्ये ६.५ मिमीच्या पाट्या आल्या आणि वजन दहा-बारा किलोंच्या घरात गेलं. ६बी४ मध्ये टायटॅनियमऐवजी सिरॅमिक.

लोहचुंबक चिकटला तर पाटी पोलादी, विषय संपला. न चिकटल्यास ॲल्युमिनियमही असू शकतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. पाटीचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून तो शून्यावर आणा आणि दोऱ्यानं बांधलेली पाटी तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. काटा आता जो आकडा दाखवेल त्यानं मूळ वजनाला भागा. उत्तर ४.५ च्या आसपास आलं तर टायटॅनियम, २.७ तर ॲल्युमिनियम. विक्रेता पाट्या बाहेर काढू देत नसेल, तर नमस्कार करून निघा.

प्रश्न : मेलबर्नला बदली झाली आहे. संग्रह सोबत नेता येईल का?

उत्तर : विचारल्याशिवाय नाही. ऑस्ट्रेलियात बॉडी आर्मर आणायला परवानगी लागते आणि व्हिक्टोरियात मंजुरीशिवाय बाळगणंही गुन्हा आहे. सामान बांधण्याआधी लेखी उत्तर मिळवा. ब्रिटनमध्ये असा त्रास नाही. अमेरिकेत हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना मनाई आहे, आणि न्यूयॉर्क राज्यात २०२२ पासून ठरावीक व्यवसायांबाहेरच्यांना विकत घेता येत नाही.

प्रश्न : भारतीय जॅकेटांचा संग्रह का करत नाही कोणी? (नागपूर)

उत्तर : कारण आपल्याकडे ती बाजारात येणंच संशयास्पद. सेवेतल्या जॅकेटावर भारतीय सैन्याचं लेबल असेल आणि विकणाऱ्याकडे कागद नसेल, तर हात लावू नका. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी गणवेशासारखे कपडे घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवा.

वस्तू नाही तर कागद जमवा. बुलेटप्रूफ जॅकेटांसाठी आपलं मानक, आयएस १७०५१, थेट २०१८ मध्ये आलं. त्याआधी खरेदी कशी होई, चाचण्या कोण करी, हे निविदा, संसदेतली उत्तरं आणि माहितीच्या अधिकारातले अर्ज यांतून जुळवता येतं, आणि मराठीत ते काम कोणी नीट केलेलं माझ्या वाचनात नाही. २६/११ नंतर हेमंत करकरे यांचं जॅकेट गहाळ झाल्याचं उघड झालं, तेही कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात विचारणा केली म्हणून. जॅकेटच नाही म्हटल्यावर त्याच्या दर्जाबद्दलच्या वादाचा निकाल लागणार कसा?

प्रश्न : रत्नागिरीच्या पावसात ही जॅकेटं कशी ठेवता?

उत्तर : आडवी पसरून, अंधारात, घडी न घालता. ऊन नायलॉन आणि केव्हलार दोघांचंही वैरी. हवाबंद प्लॅस्टिक नको, आत ओल कोंडते. सुती चादर आणि सिलिका जेल पुरे. पॅनेल धुऊ नका, ब्लीच तर अजिबात नको, ओल्या फडक्यानं बाहेरचं कापड पुसा. एम-१९५२च्या आतलं व्हिनाइल चिकट झालं असेल तर शेजारच्या वस्तूला लागू देऊ नका. थर मोजायचे म्हणून शिवण उसवू नका. आणि डांबरगोळ्यांचा खर्च वाचवा, या धाग्यांना कसर लागत नाही.