त्र्यंबक रस्त्यासाठी रिजेन किट? आधी हँडल खाली घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिक-त्र्यंबक ये-जा, सपाट हँडलची हायब्रिड ई-सायकल, मागच्या चाकात गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मध्यात बसणारी), ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची बॅटरी. परतीच्या उतारावर चार्जिंग करणारं रिजेन किट (ब्रेक लावताना मोटरलाच जनरेटर बनवून बॅटरी भरणारं) बसवलं तर रेंज किती वाढेल?

या रस्त्यावर जवळजवळ नाहीच. अंतर २८ किलोमीटरच्या आसपास, आणि चढ जेमतेम सव्वाशे मीटर. म्हणजे उतार सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आत. साधा टायर रस्त्यावर फिरताना जी ओढ देतो, तीच ०.६ टक्के चढाइतकी असते. उताराने दिलेलं टायरच खाऊन टाकतो आणि परत येतानाही पायडल मारावं लागतं. मग बॅटरीत जाणार काय?

राहिले सिग्नल. सायकलसह १०० किलो वजन, वेग ताशी २५ किलोमीटर. पूर्ण थांबलात तर हाती येण्यासारखी ऊर्जा ०.६७ वॉट-अवर, त्यातली निम्मी बॅटरीत पोचली तरी खूप. वीस वेळा थांबलात तर सहा-सात. तुमची बॅटरी ३६० वॉट-अवरची आहे.

खरी गळती वाऱ्यात आहे. ताठ बसून २५ च्या वेगाला हवेसाठी साधारण ९० वॉट लागतात. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा त्र्यंबकला जाताना तोंडावर येतो. तो ताशी १५ असला तर हेच २३५ च्या घरात जातात. पुढे झुकून बसलात तर त्यातले ४५ वॉट वाचतात. तासाभराच्या वाटेवर ही बचत वीस सिग्नलच्या कमाईच्या सात-आठपट आहे, आणि खर्च शून्य.

स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली) स्पेसर म्हणजे उंचीच्या कड्या असतील तर १० मिलिमीटरची एकच काढून स्टेमच्या वर ठेवा. आधी वरची टोपी काढा, मग स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करा. परत बसवताना मात्र आधी टोपी कसा, हेडसेटमधला (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगमधला) खुळखुळाट जाईपर्यंतच, आणि त्यानंतर बाजूचे बोल्ट ५ न्यूटन-मीटरवर. हा क्रम उलटला की हेडसेट ढिलाच राहतो: पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली की हाताला टकटक लागते. दोन आठवडे चालवून मान-कंबर कुरकुरत नसेल तरच दुसरा स्पेसर हलवा. कोपर वाकलेले ठेवा, फडफडणारा रेनकोट बदला, पाठीवरची सॅक मागच्या कॅरिअरवर टाका. खोल रिमची चाकं आत्ता अजिबात नकोत. आडव्या वाऱ्यात पुढचं चाक ओढलं जातं.

सप्तशृंगीसारखा घाट नेहमीचा असेल तर रिजेनला अर्थ आहे. पण तुमच्या गिअरवाल्या हबमध्ये एकदिशा क्लच असतो. उतारावर चाक मोटरला फिरवतच नाही, त्यामुळे नुसता कंट्रोलर (मोटरची वीज सांभाळणारा डबा) बदलून उपयोग नाही. डायरेक्ट ड्राइव्ह हबच (गिअर आणि क्लच नसलेली मोटर) लागेल. ती जड असते आणि बंद असतानाही चुंबकांची थोडी ओढ देते. सहा टक्के उतारावर २५ ने उतरलात तर १०० मीटर उंचीमागे दहा-अकरा वॉट-अवर मिळतील. ४० ने सुटलात तर निम्मेच, बाकीचं वारा नेतो.

टॉर्क आर्म (एक्सल फिरू नये म्हणून फ्रेमला धरून ठेवणारी पट्टी) दोन्ही बाजूंना लावा. रिजेनमध्ये एक्सलवरचा पीळ दर ब्रेकला उलटतो, नट सैल होतात आणि ड्रॉपआउट (फ्रेममधली एक्सलची खाच) झिजतो. बॅटरी ४२ व्होल्टपर्यंत भरून घाट उतरू नका: बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) चार्जिंग तोडतं आणि मोटरचा ब्रेक एकदम नाहीसा होतो. घरचं चार्जिंग ४० व्होल्टला थांबवा, कंट्रोलरमधला रिजेन करंट ५ अँपिअरवर ठेवा, आणि रिमचे किंवा डिस्कचे ब्रेक पॅड उतरण्याआधी बघा.