ताईची नेमकी कोणाची? वादात पडण्याआधी

तू ताईची या चिनी युद्धकलेतला २४ हालचालींचा संच शिकतोयस आणि पहिल्याच महिन्यात 'आपली परंपरा झांग सानफेंग या दंतकथेतल्या ताओवादी साधूपासूनची' म्हणून वाद घालतोयस, म्हणून लिहितोय. हा संच १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने ताईचीच्या यांग शैलीतून बेतला. त्यात कमीपणा काहीच नाही, पण त्याला शेकडो वर्षं जुना म्हणू नकोस.

सानफेंगचं नाव आंतरिक मुष्टियुद्धाशी (ताईची आज ज्या प्रकारात मोडते त्याच्याशी) जोडणारा महत्त्वाचा जुना लेख म्हणजे चिनी विद्वान हुआंग झोंगशी यांचा १६६९चा समाधिलेख. त्यात ताईचीचा उल्लेखच नाही! यांग शैली सुरू करणारा यांग लुचान चीनच्या हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावात चेन चांगशिंगकडे शिकला, हे मात्र बहुतेक सगळे मान्य करतात. त्याआधीच्या काळात गेलं की भांडणं सुरू. चेन घराणं १७व्या शतकातल्या चेन वांगटिंगचं नाव घेतं, वूदांग डोंगरावरची परंपरा सांगणारे सानफेंगचं.

माझं ऐकशील तर वंशावळीपेक्षा हालचालीच ताडून बघ. सेनापती छी जिगुआंगने १६व्या शतकात सैनिकांसाठी ३२ पवित्रे लिहून ठेवले. त्यात 'एकेरी चाबूक' आहे, 'एका पायावरचा सोनेरी कोंबडा'ही आहे. आज तू उजव्या हाताची बोटं चोचीसारखी जुळवून खाली वळवतोस ना, त्या हालचालीचं नावही 'एकेरी चाबूक'च. नाव सारखं म्हणून हालचालही तीच, असं मात्र धरून चालू नकोस. छीच्या पुस्तकातलं चित्र समोर ठेव, पाय कुठे आहेत ते बघ.

आणि गुरुजींना वंशावळ जरूर विचार, पण वर्गात चारचौघांत नको, नंतर निवांत विचार.