पगार कोटींचा, भांडण कामगाराचंच

मागच्या लेखात टाळेबंदीबद्दल, म्हणजे मालकानेच काम बंद करून कामगारांना बाहेर ठेवण्याबद्दल लिहिताना अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगचं, म्हणजे एनएफएलचं उदाहरण जाता जाता दिलं होतं. बहुतेक पत्रं आली ती त्यावरच. हा फुटबॉल कोल्हापुरात किंवा मडगावात खेळतात तो नव्हे. हेल्मेट घालून, अंगावर अंग आदळून खेळायचा हा अमेरिकन खेळ. लीगमध्ये ३२ संघ आहेत. मालकांची एक मोट आहे आणि खेळाडूंची १९५६ साली स्थापन झालेली एक युनियन आहे. या दोघांत होणाऱ्या सामूहिक कराराबद्दलचे निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न (डोंबिवली) : माझे सासरे गिरणी कामगार होते. १९८२च्या संपात घर कसं विस्कटलं ते मी पाहिलंय. कोट्यवधी मिळवणाऱ्या खेळाडूंच्या भांडणाला तुम्ही त्याच शब्दाने ‘संप’ म्हणता, हे पटत नाही.

ताई, तुमच्या घराने जे सोसलं त्याची तुलना मी कशाशीच करणार नाही. पण शब्द तोच राहील, आणि का ते सांगतो.

मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. तो नवव्या महिन्यात असताना, २१ सप्टेंबरला, एनएफएलच्या खेळाडूंनीही काम बंद केलं. लीगच्या एकूण उत्पन्नातला ५५ टक्के वाटा आम्हाला द्या, ही त्यांची मागणी होती. ५७ दिवस संप चालला आणि १६ सामन्यांचा हंगाम ९ सामन्यांवर आला. टक्केवारी मिळाली नाही. मिळालं ते असं : सेवाज्येष्ठतेनुसार किमान पगार, खेळ सुटल्यावर देण्याची रक्कम आणि प्रत्येक खेळाडूच्या कराराची प्रत पाहण्याचा युनियनचा हक्क. या शेवटच्या कलमाचं मोल वेतन करार केलेल्या माणसाला लगेच कळेल. शेजारच्या मशीनवरच्याला किती मिळतं हे कळल्याशिवाय मागणीपत्र लिहिताच येत नाही.

आता खेळाडूचा छापील करार बघा. त्यातलं अकरावं कलम सांगतं की, तुमचं कौशल्य जागेसाठी झगडणाऱ्या इतरांपेक्षा कमी आहे असं संघाला वाटलं, तर करार संपवता येतो. ठरवणार कोण? एकटा संघ. गुडघा गेला, वेग अर्ध्या सेकंदाने कमी झाला, की माणूस घरी. युनियनच्या हिशेबाने सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांचीही नसते. त्यात एक हंगाम संपात गेला, तर त्याच्या कमाईच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा गेला. मालकाचा एक हंगाम बुडाला तर त्याच्याकडे पुढचे तीस असतात.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या गेटवर मी तीन महिने बसलो होतो. डोक्यावर निळी ताडपत्री आणि तिच्या फाटक्या कोपऱ्यातून गळणारं पाणी. पहिल्या महिन्यात लोक विचारायचे, किती वाढ मिळेल? तिसऱ्या महिन्यात एकच प्रश्न उरला होता : साहेब, दिवाळीआधी मिटेल का? मालकाला त्या प्रश्नाची वाट पाहायची असते. पगार कितीही असो, ज्याचा वेळ आधी संपतो तो या भांडणातला कामगार.

प्रश्न (कोल्हापूर) : मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. एनएफएलच्या युनियनने १९८९ साली आपली मान्यता स्वतःच सोडून दिली असं वाचलं. आपल्याकडे मान्यतेसाठी युनियना वर्षानुवर्षं भांडतात. मग हे उलटं कसं?

प्रश्न अगदी मर्मावर आहे.

त्याची मुळं १९८७च्या संपात आहेत. त्या वेळी मागणी होती, करार संपल्यावर हव्या त्या संघात जाण्याच्या मोकळिकीची. मालकांनी या वेळी तयारी ठेवली होती. एक आठवड्याचे सामने रद्द केले आणि पुढचे तीन आठवडे बाहेरून आणलेल्या बदली खेळाडूंवर काढले. हे सामने टीव्हीवर दाखवले गेले आणि क्रमवारीत धरलेही गेले. एक सामना चुकला की वर्षाच्या पगाराचा सोळावा हिस्सा जात होता. नावाजलेले खेळाडू एकेक करून आत जाऊ लागले आणि २४ दिवसांत संप मोडला. वॉशिंग्टनच्या संघातला एकही खेळाडू फुटला नाही, हे आवर्जून नोंदवायला हवं. त्यांच्या बदली खेळाडूंनी डॅलसला १३-७ असं हरवलं, आणि त्या हंगामाचं विजेतेपदही वॉशिंग्टनलाच मिळालं. त्या बदली खेळाडूंना विजेतेपदाची अंगठी मात्र २०१८ साली मिळाली. त्यांचा मला राग येत नाही. संधीसाठी तळमळणारी गरीब घरची पोरं होती ती.

संप मोडल्यावर युनियन कोर्टात गेली. सगळ्या मालकांनी मिळून खेळाडूंची ये-जा रोखणं हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, असं तिचं म्हणणं होतं. १९८९ साली अपील कोर्टाने सांगितलं की, जोवर युनियन आणि मालक यांच्यात सामूहिक वाटाघाटीचं नातं आहे, तोवर हे भांडण कामगार कायद्याच्या घरातलं. तिथे मक्तेदारीचा कायदा शिरत नाही. थोडक्यात, युनियन होती म्हणून मालकांना कवच मिळत होतं. मग युनियनने ते नातंच तोडलं. आम्ही आता खेळाडूंचे सौदा करणारे प्रतिनिधी नाही, असं जाहीर केलं आणि खेळाडूंनी वैयक्तिक दावे लावले. १९९२च्या सप्टेंबरमध्ये मिनियापोलिसच्या ज्यूरीने मालकांचे निर्बंध बेकायदा ठरवले. १९९३ साली तडजोड झाली, युनियन पुन्हा उभी राहिली आणि मोकळीक मिळाली. रेगी व्हाइट हा नावाजलेला खेळाडू त्याच वर्षी ४ वर्षांच्या १७ दशलक्ष डॉलरच्या करारावर ग्रीन बेच्या संघात गेला.

तुझ्या अभ्यासासाठी एक सुचवतो. आपल्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम १९४६मध्ये मान्यताप्राप्त संघटनेला एकट्याने बोलण्याचा जो अधिकार होता, तो याच्या शेजारी ठेवून वाच. गिरण्यांत तो अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि कामगार मात्र दत्ता सामंतांच्या मागे गेले होते. मान्यतेचा कागद एकाकडे आणि माणसं दुसऱ्याकडे असली की काय होतं, हे आपण पाहिलं. तिकडे माणसं जागेवर होती, म्हणून कागद सोडून देता आला.

प्रश्न (पुणे) : संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा घालायला कुठली युनियन कबूल होईल? ही तर मालकांची मागणी वाटते.

मागणी मालकांचीच होती. पण ही मर्यादा लीगच्या उत्पन्नाच्या टक्केवारीला बांधलेली आहे. उत्पन्न वाढलं की तीही वाढते. १९९४ साली ती संघामागे ३४.६ दशलक्ष डॉलर होती, २०२५ साली २७९.२ दशलक्ष. शिवाय २०११च्या करारात खर्चाला खालूनही आधार होता. ठरलेल्या मुदतीत मर्यादेच्या ८९ टक्के रक्कम संघाने खर्च केलीच पाहिजे, असं त्यात ठरलं.

त्यामुळे खरं भांडण ‘उत्पन्न’ कशाला म्हणायचं, यावर होतं. बोनसच्या वाटाघाटीत बसलेल्यांना हे नवं नाही. नफा दाखवायचा की घसाऱ्यात बुडवायचा, हा तोच खेळ. २००६च्या करारात मालक आधी सुमारे १ अब्ज डॉलर खर्चापोटी वेगळे काढत आणि उरलेल्यातले साठेक टक्के खेळाडूंना जात. २००८मध्ये मालक त्या करारातून लवकर बाहेर पडले आणि आणखी १ अब्ज वरून काढायचे म्हणू लागले. खर्च वाढलाय, हे कारण. युनियन म्हणाली, दहा वर्षांची तपासलेली हिशेबपत्रकं दाखवा. ती पूर्ण दाखवायला मालक तयार नव्हते. ग्रीन बे पॅकर्स हा एकच संघ असा की जो लाखो सामान्य भागधारकांचा आहे आणि दरवर्षी हिशेब जाहीर करतो. बाकी ३१ संघांच्या तिजोरीचा अंदाज त्या एका खिडकीतून बांधावा लागत होता.

१२ मार्च २०११ला मालकांनी टाळेबंदी केली. खेळाडूंना मैदान बंद, संघाचे डॉक्टर बंद, संघाकडून मिळणारा आरोग्य विमाही बंद. सामने झाले नाहीत तरी टीव्ही कंपन्यांकडून सुमारे ४ अब्ज डॉलर मिळतील, अशी तजवीज मालकांनी आधीच केली होती. न्यायाधीश डेव्हिड डोटी यांनी तिला चाप लावला. युनियनने पुन्हा स्वतःला बाजूला केलं, खेळाडू कोर्टात गेले, खालच्या कोर्टात जिंकले आणि अपिलात हरले. साडेचार महिन्यांनी, २५ जुलैला, तोडगा निघाला तो टेबलावरच.

त्या दिवसाचं एक दृश्य मला विसरता येत नाही. न्यू इंग्लंड संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांची पत्नी मायरा पाच दिवसांपूर्वीच वारली होती. तिच्या आजारपणातही ते बैठकांना येत राहिले होते. पत्रकारांसमोर खेळाडूंचा प्रतिनिधी जेफ सॅटर्डे बोलायला उभा राहिला, धिप्पाड गडी, आणि हा माणूस नसता तर करार झाला नसता असं सांगून त्याने क्राफ्टना मिठीत घेतलं. समोरच्या बाजूलाही माणूस बसलेला असतो, हे चांगला वाटाघाटी करणारा जाणतो, आणि तरीही आपली मागणी सोडत नाही.

नव्या करारात वरून रक्कम काढणं गेलं. राष्ट्रीय प्रसारणाचे ५५ टक्के, लीगच्या इतर धंद्यांचे ४५ आणि स्थानिक उत्पन्नाचे ४० टक्के खेळाडूंना, आणि एकूण वाटा ४७च्या खाली जाणार नाही. आधीच्या मानाने वाटा घसरलाच. नवख्यांचे पगारही कापले गेले. दरवर्षी संघ नवख्यांची क्रमाने निवड करतात. २०१०च्या निवडीत पहिला आलेला सॅम ब्रॅडफर्ड, त्याला ५० दशलक्ष डॉलरची हमी होती. २०११ला पहिला आलेल्या कॅम न्यूटनला एकूण २२ दशलक्ष. पण दिवसातून दोनदा अंग आदळून सराव करणं बंद झालं, आणि हंगामात असे सराव १४वर आले. मला विचाराल तर त्या करारातलं सर्वांत मोठं कलम हेच. डोक्याला बसलेला मार पगारवाढीने भरून येत नाही.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : माझा मुलगा एनएफएलमधल्या जायंट्स संघाचा चाहता आहे. तो विचारतो, २०२०मध्ये खेळाडूंनी १७वा सामना का मान्य केला?

हंगाम १६ऐवजी १७ सामन्यांचा करू देणारा नवा करार खेळाडूंनी मतदानात जेमतेम मान्य केला. बाजूने १०१९, विरोधात ९५९. साठ मतांचं अंतर, आणि मत न देणारे पाचशेच्या आसपास. अॅरन रॉजर्स, जे. जे. वॉट असे मोठे तारे उघडपणे विरोधात होते. पण नवख्या खेळाडूचा किमान पगार ४,९५,००० डॉलरवरून ६,१०,०००वर जात होता. ज्याची कारकीर्द दोन वर्षांत संपणार आहे, त्याच्यासाठी ही आजची रक्कम होती. वाटाही किमान ४८ टक्क्यांवर गेला. ताऱ्यांचं शरीराबद्दलचं म्हणणं बरोबर होतं. तरी तळातल्या मुलाने होय म्हटलं, त्यालाही मी दोष देणार नाही. करार २०३०च्या हंगामापर्यंत आहे आणि १८व्या सामन्याची चर्चा आतापासूनच ऐकू येते. मुलाला सांगा, त्या वेळी आधी संघातल्या जागा आणि विश्रांतीचे आठवडे किती वाढतात ते बघ.

प्रश्न (नागपूर) : ‘फ्रँचाइज टॅग’ म्हणजे काय?

करार संपलेल्या एका खेळाडूला संघ वर्षभर अडवून ठेवू शकतो, त्याच्या जागेवरच्या सर्वोच्च पगारांच्या सरासरीइतकी रक्कम देऊन. १९९३ साली मोकळीक देताना मालकांनी ठेवलेली ही कडी. हा टॅग लागलेला लेव्हियॉन बेल निषेध म्हणून २०१८चा पूर्ण हंगाम घरी बसला आणि त्याने १४.५ दशलक्ष डॉलर सोडले. पण कडी अजून तशीच आहे.

प्रश्न (मडगाव) : आपल्या फुटबॉलपटूंना असा करार कधी मिळणार? माझा मुलगा एका क्लबकडून खेळतो. दोन महिने पगार नाही.

फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया २००६पासून आहे, पण लीगशी बसून सामूहिक करार करण्याची ताकद तिच्या हाती अजून आलेली नाही. २०२५च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा हंगाम अधांतरी झाला आणि काही क्लबांनी पगार थांबवले, तेव्हा समोर बोलायला टेबलच नव्हतं. याची मला मनापासून खंत वाटते.

तुमच्या मुलाचं काम मात्र थांबायला नको. फिफाच्या नियमांनुसार दोन महिन्यांचा पगार थकला, तर क्लबला १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन योग्य कारणाने करार संपवता येतो. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर विनवण्या करून भागणार नाही. पत्र द्या, पोच घ्या. सही केलेला करार, बँकेचा उतारा आणि पगार कधीपर्यंत आला त्याची नोंद एकत्र ठेवा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची खेळाडू दर्जा समिती अशा तक्रारी ऐकते. तिथे जाण्याआधी असोसिएशनशी बोला, आणि त्याच क्लबमध्ये पगार थकलेले आणखी किती खेळाडू आहेत ते मुलाला विचारा. चौघे असतील तर चौघांनी एकाच दिवशी नोटीस द्यावी.