दाणे चालतील, हललेला फोटो नको

आपण विचारले आहे की पहाटेच्या अंधुक उजेडात प्राण्यांचे फोटो काढताना आयएसओ (कॅमेरा प्रकाशाचा संकेत किती वाढवतो त्याचा आकडा) ३२०० च्या पुढे गेला की फोटो दाणेदार येतो, तेव्हा हे दाणे म्हणजेच नॉइज टाळण्यासाठी आयएसओची मर्यादा किती ठेवावी. माझे मत स्पष्ट आहे: अशी मर्यादा ठेवूच नये. एक मर्यादा निष्ठेने पाळल्यामुळे माझ्या हातून जे निसटले ते मला अजून सलते, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

आमच्या छायाचित्रण मंडळातील एक ज्येष्ठ सभासद प्रत्येक नवशिक्याला बजावत असत की आठशेच्या वर जायचे नाही. त्यांचा हात फिल्मवर बसलेला होता आणि फिल्मच्या काळात तो सल्ला योग्यच होता. मी मात्र तो डिजिटल कॅमेऱ्यावरही चार वर्षे पाळला. अशाच एका जूनमध्ये, पाऊस तोंडावर आलेला असताना, मी भीमाशंकरला गेलो. शेकरूचे हे जंगल इतके दाट आहे की ढग खाली उतरले म्हणजे सकाळी नऊ वाजताही झाडांखाली दिवेलागणीची वेळ वाटते. गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर एक शेकरू जांभळाच्या फांदीला मागच्या पायांनी धरून उलटे लोंबकळत होते, पुढच्या दोन पंजांत जांभूळ फिरवत ते सालीसकट कुरतडत होते, आणि त्याच्या मिशांच्या टोकांना रस लागलेला डोळ्यांनाही दिसत होता. माझ्या लेन्सचे अपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, ६०० मिलिमीटरवर एफ ६.३ पेक्षा जास्त उघडत नाही, त्यामुळे आयएसओ ८०० वर शटरचा वेग १/६० सेकंदाच्या पुढे जाईना. जवळजवळ दहा मिनिटे ते शेकरू तिथेच होते. मी दीडशेच्या आसपास फोटो काढले आणि घरी येऊन पाहिले, तर एकाही फोटोत डोळा स्वच्छ नव्हता. लेन्समधील स्थिरीकरणामुळे माझ्या हाताची थरथर सावरली गेली आणि फांदीची साल रेघ न् रेघ उमटली, पण खाणाऱ्या जिवाचे हलते डोके कोणतेही स्थिरीकरण थांबवू शकत नाही. तोच उजेड, तेच अपर्चर, पण आयएसओ ६४०० ठेवला असता, तर १/५०० मिळाले असते.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत मी ६४०० वरच काम केले आणि मिशा मोजता येतील असा फोटो मिळाला. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी तो पाठवला, तेव्हा त्याच ज्येष्ठांनी तो लॅपटॉपवर शंभर टक्के मोठा करून शेकरूच्या तांबूस पाठीवरचे दाणे बोटाने दाखवले आणि बाजूला ठेवला. मी १२ बाय १८ इंचांची प्रिंट काढून त्यांच्यासमोर धरली. हातभर अंतरावरून त्यात दाणा दिसत नव्हता, तरी त्यांचे मत बदलले नाही.

त्या वादात मी जे मांडत होतो तेच इथे मांडतो. नॉइज मुख्यतः आयएसओच्या आकड्यातून येत नाही, तो कमी प्रकाशातून येतो. प्रकाशाचे कण सेन्सरवर अनियमितपणे पडतात. सरासरी १०,००० कण पडत असतील तर चढउतार सुमारे १०० चा, म्हणजे एक टक्का असतो, आणि १०० च कण पडत असतील तर १० चा, म्हणजे दहा टक्के. आयएसओ मिळालेला संकेत फक्त वाढवतो. म्हणून आयएसओ कमी ठेवून फोटो काळा काढणे आणि नंतर संगणकावर उजळवणे यात काहीच साधत नाही; बऱ्याच कॅमेऱ्यांत उलट सावल्यांमध्ये लाल-हिरवे ठिपके जास्त उठून दिसतात. शेकरूच्या बाबतीत हे हमखास घडते, कारण पानांमधून दिसणाऱ्या पांढऱ्या आभाळाला कॅमेऱ्याचे मीटर भुलते आणि प्राणी काळवंडतो. अशा वेळी एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, जास्त एक्स्पोजर द्यावे आणि आभाळ जळले तर जळू द्यावे.

फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच, काढावा. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच नॉइज पुसतो आणि त्याबरोबर केसही पुसतो. शक्य तितके जवळ जावे, अर्थात प्राण्याला त्रास न देता, कारण जबर क्रॉप केला की दाणेही तितकेच मोठे होतात. २०२३ पासून लाइटरूममध्येही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे, नॉइज काढणारे डीनॉइज आले आहे. ते शार्पनिंगच्या आधी आणि बेताने वापरावे, कारण जास्त लावले तर कातडी मेणासारखी दिसते आणि कधीकधी जिथे केस नव्हते तिथे केस उमटतात.

इतके ठाम लिहिल्यावर एक गोष्ट नमूद करायला हवी. प्राणी खरोखर निश्चल बसला असेल आणि कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा बीन बॅगवर टेकवलेला असेल, तर शटर मंद करून आयएसओ खाली आणणेच शहाणपणाचे आहे. झोपलेल्या घुबडासाठी मीही १/६० वर जातो. आपला कॅमेरा लहान, एपीएस-सी सेन्सरचा असेल, तर मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरच्या तुलनेत एकाच आयएसओवर साधारण सव्वा स्टॉप जास्त नॉइज गृहीत धरावा. मात्र शटर किती हवे हे समोरच्या जिवाच्या हालचालीवरून आधी ठरवावे, अपर्चर पूर्ण उघडावे, आणि आयएसओ ऑटोवर सोडून तो जिथे जाईल तिथे जाऊ द्यावा. भीमाशंकरच्या त्या पहिल्या दीडशे फाइल्स मी अजून ठेवल्या आहेत. गेल्या काही वर्षांत आलेले प्रत्येक नवे सॉफ्टवेअर मी त्यांच्यावर चालवून पाहिले, आणि ते डोके अजूनही पुसटच आहे.