इंजिनातला गव्हर्नर आणि राजभवनातला गव्हर्नर

प्रश्न असा आहे: डिझेल इंजिनाचा वेग आपोआप आवरणाऱ्या गव्हर्नरला हे नाव लाटसाहेबावरून पडलं का, आणि मराठीत त्याला 'नियंत्रक' म्हणावं की 'नियामक'?

लाटसाहेबावरून नाही. दोघं एकाच कुळातले, एवढंच. मूळ पुरुष ग्रीक 'किबरनेतीस', म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणारा. रोमनांनी त्याचा 'गुबेरनातोर' केला आणि फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत 'गव्हर्नर' झाला. राज्य हाकणं हा अर्थ सुकाणू हाकण्यावरून आला. आपल्याकडेही तेच झालंय. संस्कृतात 'कर्ण' म्हणजे कान, तसंच सुकाणूही. ते धरणारा तो कर्णधार. तो पुढे क्रिकेटच्या मैदानात उतरला, इंजिनात मात्र शिरला नाही. ('सुकाणू' हा शब्द मात्र अरबी 'सुक्कान'वरून आलेला.)

आता यंत्राकडे. हा गव्हर्नर जेम्स वॉटच्या नावावर खपतो, पण त्याची कल्पना पवनचक्क्यांतली. वारा वाढला की जात्याचा वरचा दगड जोरात फिरून किंचित उचलला जायचा आणि पीठ जाडं पडायचं. ते अंतर आपोआप आवरायला फिरत्या गोळ्यांची युक्ती गिरणीवाले वापरत होते. लंडनच्या ॲल्बियन पिठाच्या गिरणीत ती वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टनच्या नजरेस पडली आणि 1788 मध्ये त्याने वॉटला कळवलं. वॉटने त्याच वर्षी ती वाफेच्या इंजिनावर चढवली. पेटंट घेतलं नाही. कल्पना आपली नव्हे, हे त्याला ठाऊक होतं.

रचना बघण्यासारखी आहे. इंजिनाच्या शाफ्टवरून फिरणारा एक उभा दांडा, त्याला बिजागरीने लटकवलेले दोन जड लोखंडी गोळे. वेग वाढला की जत्रेतल्या चक्री पाळण्यासारखे गोळे बाहेर फेकले जाऊन वर चढतात. त्यांच्याबरोबर दांड्यावरची कडी सरकते, कडीला जोडलेली दांडी वाफेच्या नळीतली झडप थोडी मिटते आणि वाफ कमी जाते. वेग उतरला की सगळं उलट. सूतगिरणीत एकाच शाफ्टवर पुष्कळ यंत्रं चालत. काही बंद पडली की भार हलका होऊन इंजिन उधळायचं आणि उरलेल्या यंत्रांवर सूत तुटायचं. या गोळ्यांची खरी किंमत तिथे कळे.

खोट एवढीच की भार वाढल्यावर वेग पूर्वीच्या जागी नेमका परत येत नाही, थोडा खालीच राहतो. गोळे थोडे खाली राहिले तरच झडप जास्त उघडी राहणार, मग दुसरं काय होणार? भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1868 च्या गव्हर्नरांवरच्या आपल्या निबंधात यावरून शब्दांतच फरक केला: वेगातला फरक नुसता कमी करतो तो 'मॉडरेटर', वेग नेमक्या जागी आणतो तो 'गव्हर्नर'. या कसोटीवर वॉटचे गोळे मॉडरेटरच ठरतात. पण तोवर नाव रुळलं होतं, आणि रुळलेलं नाव शास्त्रज्ञांच्या सांगण्यावरून बदलत नाही. 1948 मध्ये गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने यंत्रांतल्या आणि सजीवांतल्या नियंत्रणाच्या नव्या शास्त्राला 'सायबरनेटिक्स' नाव दिलं, ते मॅक्सवेलच्या निबंधाची आठवण ठेवून, त्याच ग्रीक सुकाणूवाल्यावरून. म्हणजे 'सायबर' कॅफेतला 'सायबर' हा इंजिनातल्या गव्हर्नरचा लांबचा चुलतभाऊ.

मग मराठीत काय म्हणावं? बोलताना गव्हर्नरच. इंजिनाचा वेग एकसारखा वर-खाली व्हायला लागला की मिस्त्री 'हंटिंग करतंय, गव्हर्नर बघावा लागेल' म्हणतो आणि ते सगळ्यांना कळतं. लिहिताना मी 'वेगनियामक' घेईन. 'नियंत्रक' म्हटलं की एसटी स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक डोळ्यांसमोर येतो, म्हणजे बाहेर बसून हुकूम देणारा माणूस. 'नियामक'मध्ये नियमात ठेवण्याचा अर्थ आहे, शिवाय कॉलेजच्या 'गव्हर्निंग बॉडी'ला आपण नियामक मंडळच म्हणतो. 'वेग' मात्र गाळू नये, नाहीतर पंख्याच्या रेग्युलेटरशी घोटाळा होतो. रेग्युलेटर आपण हाताने फिरवतो, गव्हर्नर स्वतःच काम करतो. वाफेच्या रेल्वे इंजिनात ड्रायव्हर वाफ कमी-जास्त करायचा त्या दांड्याचं नावही 'रेग्युलेटर'च होतं. तिथे सहसा गव्हर्नर नसायचाच, वेग आवरायचं काम ड्रायव्हरकडे असायचं.