वाचकांचे प्रश्न : चांदीच्या डॉलरवरचे रंग

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझ्या सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी येथील नाण्यांच्या प्रदर्शनात १८८१ सालचा, ‘एस’ खुणेचा मॉर्गन डॉलर (अमेरिकेचे जुने चांदीचे नाणे) घेतला होता. त्याच्या एका बाजूवर चंद्रकोरीच्या आकारात सोनेरी, जांभळा, निळा असे रंग आहेत. दुसरी बाजू पांढरीशुभ्र आहे. हे रंग खरे असतील का? आणि रंगामुळे ग्रेड, म्हणजे नाण्याच्या स्थितीची प्रतवारी, वाढते का?

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून आशेला बरीच जागा आहे. ‘एस’ ही सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची खूण, आणि त्या टांकसाळीचे १८८१ चे डॉलर ठसठशीत छाप आणि उत्तम तकाकी यांसाठी संग्राहकांत नावाजलेले आहेत. हे डॉलर पाडले गेले ते बहुतांशी लोकांच्या खिशात गेलेच नाहीत. हजार-हजार नाण्यांच्या कापडी पिशव्यांत ते सरकारी तिजोऱ्यांत दशकानुदशके पडून राहिले. १९६४ च्या मार्चमध्ये सरकारने चांदीचे डॉलर देणे थांबवले, तोवर अशा कित्येक पिशव्या दर्शनी किमतीला बाहेर आल्या होत्या.

रंगाचे मूळ या पिशव्यांत आहे. नाण्यात ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबे असते. कापडातील आणि हवेतील गंधकाचा चांदीशी संयोग होऊन तिच्यावर सल्फाइडचा अतिशय पातळ थर चढतो, आणि पाण्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात जसे रंग दिसतात तसेच ते या थरात दिसतात. थर जसजसा जाड होतो तसतसा रंग बदलतो : आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-किरमिजी, मग निळा, आणि त्यापुढे पुन्हा पिवळा, हिरवा. पिशवीत नाण्याची जी बाजू कापडाला टेकलेली असेल तिच्यावर रंग चढतो, आणि त्या बाजूचा जेवढा भाग शेजारच्या नाण्याने झाकला असेल तेवढा पांढरा राहतो. आपली चंद्रकोर बहुधा अशीच उमटली असावी. कधीकधी तर कापडाची वीणही नाण्यावर दिसते.

खात्री करण्यासाठी खोलीतील बाकीचे दिवे मालवून एकाच दिव्याखाली नाणे कडेने धरून हळूहळू फिरवावे. मूळ तकाकी शाबूत असेल, तर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा नाण्यावरून गोल फिरतो आणि रंगीत भागातूनही न तुटता जातो. रंग तकाकीच्या वर पोतेऱ्यासारखा बसलेला वाटला, किंवा सोनेरी छटा मध्ये न येता पांढऱ्यालगत एकदम गडद निळा सुरू झाला, तर सावध व्हावे. उष्णता देऊन किंवा गंधकयुक्त रसायने लावून रंग चढवणारे पुष्कळ आहेत, आणि ग्रेडिंग कंपन्या अशा नाण्याला अंकी ग्रेड न देता ‘शंकास्पद रंग’ असा शेरा देतात.

आता ग्रेड. नाण्यांचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या १ ते ७० या मापावर ६० आणि त्यापुढचे आकडे न वापरलेल्या नाण्यांसाठी आहेत. पिशवीत नाण्यावर नाणे आपटून पडलेले ओरखडे, छाप, तकाकी आणि एकूण देखणेपणा यांवर हा आकडा ठरतो. मॉर्गन डॉलरमध्ये नजर प्रथम स्वातंत्र्यदेवतेच्या गालावर आणि तिच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेवर जाते, कारण तेथे एक ओरखडासुद्धा लपत नाही. सुंदर रंग देखणेपणात भर घालतो हे खरे. पण गडद रंगाखाली बारीक ओरखडे झाकलेही जातात, म्हणून रंगीत नाणे पांढऱ्या नाण्यापेक्षा अधिक वेळ पाहावे. बाजारात रंगासाठी ग्रेडच्या भावावर वेगळी रक्कम मागितली जाते. माझे आग्रहाचे सांगणे असे की, आधी रंग नाहीच असे समजून ग्रेडनुसार नाण्याचा भाव ठरवावा आणि मगच रंगासाठी किती जास्त द्यायचे याचा विचार करावा.

प्रश्न : मुलाने अमेरिकेहून आणलेला १९२१ चा डॉलर काळपट दिसत होता, म्हणून मी देवघरातील भांड्यांसारखा चिंच लावून घासला. तो चकाकतो आहे, पण मुलगा हळहळतो आहे. आता काय करावे? (नाशिक)

उत्तर : काहीही करू नये. चिंचेतील आम्लाने वरचा थर गेला आणि घासण्याने केसासारख्या रेघा पडल्या. आता दिसते ती चकाकी घासलेल्या धातूची, टांकसाळीतून आलेली तकाकी ती नव्हे. ती परत आणता येत नाही, आणि पुन्हा रंग चढवण्याचा प्रयत्न केल्यास एका दोषाचे दोन होतील. आपण मनाला लावून घेऊ नये : १९२१ मध्ये तीन टांकसाळींत मिळून ८ कोटी ६० लाखांहून अधिक मॉर्गन डॉलर पाडले गेले, त्यामुळे त्या सालचे न घासलेले नाणे मुलाला सहज मिळेल. ते मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये, कारण त्यातून सुटणाऱ्या आम्लाने नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. टणक पारदर्शक डबीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. रबर बँड जवळ नको. त्यात गंधक असते.

प्रश्न : जुन्या डॉलरची चांदी हिंदुस्थानात आली होती असे ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. पहिल्या महायुद्धात येथील लोक कागदी नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारकडे चांदी अपुरी पडू लागली. तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातील बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. वितळवताना कोणत्या सालची किती नाणी गेली याची नोंद ठेवली गेली नाही. म्हणून एखाद्या सालचे डॉलर किती पाडले गेले त्या आकड्यावरून आज किती उरले असतील याचा अंदाज बांधू नये.