मागे एक खोली काढायचीय, चार लाखात बसेल का?

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. घर सासऱ्यांनी २० वर्षांपूर्वी बांधलेलं, लोड बेअरिंगचं, वर स्लॅब, दोन खोल्या आणि किचन. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि संडास परसाच्या पार टोकाला, पावसात त्यांना धरून न्यावं लागतं. म्हणून किचनच्या मागे १२ बाय १४ ची खोली आणि तिला लागून ४ बाय ७ चं संडास-बाथरूम काढायचंय. कॉन्ट्रॅक्टर विथ मटेरियल १८०० रुपये फूट सांगतोय. मी हिशोब केला, १६८ आणि २८ मिळून १९६ फूट, म्हणजे ३ लाख ५२ हजार ८००. आमच्याकडे चार लाख आहेत. दुकानात भाव विचारले तर सिमेंट ३६० पोतं, स्टील ६० रुपये किलो, क्रश सँड ४५०० ब्रास, खडी ३५०० ब्रास. मिस्टर म्हणतात स्लॅबऐवजी पत्रा टाकू, निम्मे पैसे वाचतील. पुरतील का चार लाख?

उत्तर : ताई, तुम्ही भाव विचारून, आकडे मांडून पत्र लिहिलंत, अर्धं काम तिथंच झालं, नाहीतर लोक "छोटी खोली काढायचीय, किती येईल" एवढंच विचारतात आणि मी काय डोंबल सांगणार. पण तुमचा हिशोब चुकलाय. गुणाकार बरोबर आहे, माप चुकलंय. तुम्ही आतलं माप धरलंय, कॉन्ट्रॅक्टर बाहेरून बाहेर धरतो. ९ इंची भिंती धरल्या की १२ बाय १४ ची खोली साडेतेरा बाय साडेपंधरा होते, म्हणजे २०९ फूट, आणि बाथरूमचे भिंतीसकट चाळीसेक फूट. झाले २५०. १८०० ने गुणा, साडेचार लाख. आणि काही जण तर स्लॅबचं माप लावतात, प्रोजेक्शनसकट, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या भागासकट, ते ३०० च्या आसपास जातं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा की फूट कुठलं धरलंय, आणि ते कागदावर लिहून घ्यायचं, तोंडी नको.

आता पत्र्याचं. मिस्टरांना हा हिशोब दाखवा. प्रोजेक्शनसकट २८० फुटाचा स्लॅब धरला, ५ इंच जाड, तर काँक्रीट होतं ११७ घनफूट, म्हणजे ३.३ घनमीटर. एम २० ग्रेडच्या काँक्रीटला घनमीटरला साधारण ८ पोती लागतात, म्हणजे २६-२७ पोती. स्टील घनमीटरला ८० किलो धरा, २६५ किलो. खडी एक ब्रास (म्हणजे १०० घनफूट), क्रश सँड अर्धा ब्रास. तुमच्याच भावाने सिमेंटचे साडेनऊ हजार, स्टीलचे पंधरा हजार नऊशे, खडीचे ३५००, सँडचे २२५०. सगळं मिळून ३१ हजारांच्या आसपास! वर सेंट्रिंग, मिक्सर आणि स्लॅबच्या गँगची मजुरी येईल, बीमचं वेगळं, ते मी नाकारत नाही. पण पत्रा काय फुकट येतो का, त्याला पाइप, अँगल, वेल्डिंग, खालून पीओपी किंवा पीव्हीसीचं सिलिंग, कारण त्याशिवाय एप्रिलमध्ये सासूबाई त्या खोलीत बसणार नाहीत. निम्मे तर सोडाच. स्लॅब भरायच्या दिवशी वीस माणसं दिसतात, मिक्सरचा आवाज, जेवणावळ, म्हणून सगळ्यांना वाटतं पैसा तिथंच जातो.

पैसा जातो जुन्या आणि नव्या घराच्या सांध्यात. आणि तो कुठल्याच फुटाच्या रेटमध्ये नसतो.

बघा, एकेक सांगतो. किचनच्या मागच्या भिंतीत दार फोडणार ना तुम्ही? तुमचं घर लोड बेअरिंगचं, म्हणजे स्लॅबचा भार त्या भिंतीवरच आहे. आधी स्लॅबला टेकू, मग वर लिंटेल (दारावरची आडवी तुळई), मग खाली फोडायचं, आणि हे मिस्त्री उलट्या क्रमाने करतात कारण तसं सोपं पडतं. तुम्ही स्वतः उभं राहून बघा. मग किचनची खिडकी. ती आता नव्या खोलीत उघडणार, म्हणजे किचनचा उजेड आणि वारा दोन्ही गेलं, दुसऱ्या भिंतीत खिडकी काढावी लागेल नाहीतर दिवसा लाइट लावून स्वयंपाक करायचा. मग जोत्याची भर. तुमचं जोतं २ फूट असेल तर १६८ फुटाच्या खोलीत ३३६ घनफूट मुरूम, म्हणजे जवळजवळ साडेतीन ब्रास, आणि तो धुमस करून पाणी मारून दाबला की बसतो, म्हणून चारच्या वरच आणावा लागतो. मग चेंबर. जुन्या घरांच्या मोरीचं चेंबर नेहमी मागेच असतं, बरोब्बर नव्या खोलीच्या मधोमध, ते हलवणं आलं. संडासाच्या ४ इंची पाइपला ४० ला १ चा उतार देतात, म्हणजे शोषखड्डा २० फुटावर असेल तर पाइप तिथं ६ इंच खाली जायला हवा, ते आधी मोजा, नाहीतर टाइल्स बसवून झाल्यावर कळतं की कमोड वर घ्यायला लागतोय आणि मग बाथरूमला पायरी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पायरी! ज्यासाठी सगळा खटाटोप तेच गेलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवा स्लॅब जुन्या भिंतीवर टेकवू नका. मिस्त्री म्हणेल "एक भिंत आयती आहे की, वाचतील पैसे". जुन्या पायावर जुन्या घराचाच भार धरलेला आहे, आणि ते घर २० वर्षांत बसायचं तेवढं बसून झालंय, नवं आता बसणार. दोन्ही बांधून टाकली की सांध्यावर उभी भेग ठरलेली. नव्या खोलीला तिकडच्या बाजूलाही तिचा स्वतःचा आधार द्या, मध्ये इंचभर गॅप ठेवा, थर्मोकोल घाला, आणि वरून पाणी जाणार नाही असं झाकण.

हे झाकण मी स्वतःच्या घरी विसरलो होतो. म्हणजे विसरलो नाही, चारेक हजार वाचवले. वडिलांसाठी अशीच मागे खोली काढली, गॅपमध्ये नुसता सिमेंटचा माल भरला, वरून पांढरा रंग मारला, छान दिसत होतं. पहिल्याच जुलैत रात्री वडिलांनी हाक मारली, बघतो तर सांध्यातून एक धार सरळ त्यांच्या उशाच्या रेडिओवर. ते काही बोलले नाहीत, रेडिओ उलटा करून पाणी काढत बसले. मी इंजिनिअर. पुढची दोन वर्षं त्या फटीत काय काय भरलं ते सांगत नाही, शेवटी अॅल्युमिनियमची पट्टी एका बाजूला ठोकून दुसरीकडे मोकळी सोडली, वर सीलंट, तेव्हा थांबलं. त्या चार हजाराचे अठरा झाले.

तर चार लाखात बसेल का? नाही बसणार. साडेचार कॉन्ट्रॅक्टरचे, आणि भर, फोडाफोडी, चेंबर, लाइटची नवीन लाइन हे त्याच्या रेटमध्ये नसेल, बहुतेक नसतंच, तर पाच-सव्वापाच होतात, त्यावर हातचे राखून ठेवा. नव्या घराला मी १० टक्के सांगतो, जोडकामाला १५, कारण जुनी भिंत फोडेपर्यंत आत काय आहे कुणालाच माहीत नसतं.

खोली लहान करावी असं मनात येईल. १० बाय १२ केली तर फरशी २९ टक्क्यांनी कमी होते, पण भिंतीची लांबी ५२ फुटावरून ४४ वर येते, म्हणजे १५ टक्केच. आणि दार तेवढंच, खिडकी तेवढीच, कमोड तेवढाच, मिक्सरचं भाडं तेवढंच. म्हणून लहान कामाला फुटाचा रेट चढाच लागतो, १८०० म्हणणारा एकतर उदार आहे किंवा नंतर "हे त्यात नव्हतं" म्हणणार आहे.

मला विचाराल तर खोली आत्ता लागते का हेच आधी बघा. सासूबाईंना लागतोय तो संडास. आहे त्या दोन खोल्यांपैकी मागच्या भिंतीची जी खोली असेल ती त्यांना द्या, तिला लागून बाथरूम काढा, पण ४ बाय ७ नको, ५ बाय ८ करा, वॉकर वळला पाहिजे, दार ३ फुटी आणि उंबरा नको, कमोडच्या दोन्ही बाजूला स्टीलचे दांडे. हे ४० फूट गुणिले १८०० मध्ये कुणी करणार नाही, ठोक रकमेतच सांगेल, पण चार लाखातले बरेच उरतील. पाया मात्र आत्ताच असा घ्या की पुढेमागे खोली जोडता येईल. आणि खोली आत्ताच हवी असेल तर प्लॅस्टर, प्लंबिंग, फरशी पूर्ण करा, रंग, कपाट, माळा पुढच्या वर्षी. वायरिंगचे पाइप तेवढे भिंतीत आधीच टाकून ठेवा.

ग्रामपंचायतीची परवानगी लेखी घ्या, "सरपंच ओळखीचे आहेत" ही परवानगी नव्हे. नंतर नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या रजिस्टरला, वाढीव बांधकाम लावून घ्या, घरपट्टी वाढेल, वाढू दे, उद्या बँकेत गेलात तर तोच कागद मागतात. आणि हो, कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन जुनं असेल तर परत मागा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

प्रश्न : सर, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात. घर चिऱ्याचं, कौलारू. मुंबईहून भाऊ मे महिन्यात येतो तेव्हा एक जास्तीची खोली हवी. मार्चअखेर बोनस मिळेल, एप्रिलला काम सुरू करून पावसाआधी उरकेल का?

उत्तर : दादा, एप्रिलला सुरू करू नका. गवंडी मिळेपर्यंत मेचा दुसरा आठवडा उजाडतो, गवंड्याच्याही घरी लग्नं असतात, आणि ७-८ जूनला पाऊस आला की अर्ध्या भिंतीवर ताडपत्री आणि आत पाणी. मग सप्टेंबरपर्यंत ते तसंच, आणि भिजलेल्या भरीचा, गंजलेल्या सळ्यांचा खर्च परत. बोनस येईल तो एफडीत टाका, दसऱ्यानंतर पाया काढा. पावसाळ्यात एक फुकटचं काम करा, पागोळ्या कुठे पडतात आणि पाणी परसातून कुठून वाहतं ते बघून खुणा करून ठेवा. नवी खोली कौलांच्या पागोळ्यांखालीच येणार, म्हणजे जुन्या छपराचं सगळं पाणी नव्या छपरावर. दोन्ही उतार एकमेकांसमोर आले तर मध्ये पन्हळ लागते आणि पन्हळ पानांनी तुंबते, तुमच्याकडे तर फणस-आंबा असणारच. जुनाच उतार पुढे लांबवता आला, उंची पुरली, तर तसंच करा, सगळ्यात स्वस्त आणि गळायला जागाच नाही. चिरा चांगला, कडक मिळाला तर बाहेरून प्लॅस्टर करू नका, दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरून घ्या, ते पैसे वाचले. भावाला या मेमध्ये पडवीत झोपू दे, लहानपणी झोपतच होता ना.

प्रश्न : परभणीहून लिहितोय. घराला ११ बाय १२ ची खोली जोडतोय. मिस्त्री म्हणतो एकाच खोलीचं वजन किती, पाया अडीच फूट बास. काम सुरू करायला निम्मे पैसे ॲडव्हान्स मागतोय, नंतर भाव वाढतील म्हणे. द्यावेत का?

उत्तर : दोन्हीला नाही. तुमच्याकडे काळी माती, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात अडीच फुटावर ठेवलेली भिंत मातीबरोबर वर-खाली होणार. खोली हलकी आहे म्हणून तर जास्त, हलकं बांधकाम माती सहज उचलते. जिथं टणक मुरूम लागेल तिथपर्यंत जा. फारच खोल असेल तर तालुक्याच्या इंजिनिअरला हजार-दोन हजार देऊन जागेवर आणा, तो अंडर-रीम पाइल (खाली फुगवटा असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब) सांगेल किंवा दुसरं काही, पण जागा बघून सांगेल. काढलेली काळी माती परत जोत्यात भरू देऊ नका, मिस्त्री तेच करतो, कारण ती उचलून टाकायला ट्रॅक्टर लागतो. ट्रॅक्टरचे पैसे बजेटमध्ये धरा.

ॲडव्हान्सचं म्हणाल तर भाव वाढायची भीती असेल तर सिमेंट-स्टील तुम्हीच दुकानातून घ्या, तुमच्या नावाच्या बिलावर, पण सिमेंट लागेल तसं आणा, साठवू नका. मिस्त्रीला फक्त मजुरी, सुरुवातीला १० टक्के उचल, मग जोतं झालं, लिंटेल झालं, स्लॅब पडला, प्लॅस्टर झालं असं टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचे १० टक्के एक पाऊस बघून. तो शेवटच्यावर अडून बसेल. मग निदान फरशीवर बादलीभर पाणी ओतून ते मोरीकडे जातंय का कोपऱ्यात साचतंय हे त्याच्यासमोर बघा आणि मग पाकीट काढा.